नेजी येडा झाला

जूनमध्ये ओसाकाकडे जो पाऊस लागतो त्याला त्सुयु म्हणतात. आपल्या पावसासारखा तो कोसळत नाही; बोलायला काही नसलेल्या पाहुण्यासारखा नुसता बसून राहतो. टॉवेल वाळत नाहीत, मिठाला पाणी सुटतं, लाकूड फुगतं. अशाच एका त्सुयुत माझ्या भाड्याच्या घरातल्या ओट्याखालच्या कपाटाचं दार एका अंगाला लोंबायला लागलं. वरच्या बिजागरीचा स्क्रू निखळून कणकेच्या डब्यामागे जाऊन पडला होता.

मी तेव्हा हिगाशी-ओसाकात वर्षभराच्या कामावर होते. काम भाषांतराचं. यंत्रांची माहितीपुस्तकं, दुरुस्तीचे अहवाल, कधीमधी पुण्याकडच्या कामगारांसाठी मराठीत सुरक्षेच्या सूचना. स्क्रूला जपानीत 'नेजी' म्हणतात, आणि तो शब्द मी तोवर हजारदा तरी टंकला असेल. टंकला, म्हटला नव्हता. हातात स्क्रू धरून 'नेजी' म्हणायची वेळ आयुष्यात पहिल्यांदा त्या कपाटानं आणली.

माझ्याकडे बाबांचा डिसमिस होता. बाबा भोसरीच्या एका कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. त्यांच्या तोंडी स्क्रू ड्रायव्हर हा शब्द मी कधी ऐकला नाही. 'डिसमिस दे गं तो' हेच ऐकत मोठी झाले. साहेबानं कामावरून काढणं म्हणजेही डिसमिस आणि स्क्रू काढायचं हत्यार म्हणजेही डिसमिस, यात लहानपणी मला काही वावगं वाटलं नाही. दोन्हीत काहीतरी काढायचंच असतं. मी निघाले तेव्हा बाबांनी कपड्यांच्या बॅगेत फुलीच्या टोकाचा एक डिसमिस रुमालात गुंडाळून ठेवला. "तिकडे सुतार बोलवायचा म्हणजे तुझा पगार जायचा," म्हणाले.

तर तो डिसमिस घेऊन मी ओट्याखाली आडवी झाले. स्क्रू भोकात घातला, फुलीत टोक टेकवलं, जोर लावला. टोक सुर्रकन वर आलं. पुन्हा टेकवलं, पुन्हा वर. दहा मिनिटांत फुलीची चारी टोकं गोल होऊन तिथे चकचकीत खळगा झाला. आणि एवढं करून स्क्रू भोकात नुसता गोल फिरत होता. आत काही धरायलाच तयार नव्हता. म्हणजे डोकंही गेलं आणि बूडही.

जपानीत हार्डवेअरच्या दुकानाला कानामोनोया म्हणतात. कानामोनो म्हणजे धातूच्या वस्तू. आता मोठाले होम सेंटर झाल्यापासून असली दुकानं कमी झालीत, पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक तग धरून होतं. आत अंधार, तेलाचा वास, छतापर्यंत लाकडी खण, प्रत्येक खणावर आतल्या वस्तूचा एक नमुना तारेनं बांधलेला. मालक सत्तरीच्या पुढचे. ओसाकात अशा माणसाला 'ओच्चान' म्हणतात, म्हणजे आपले काकाच. ते मला पहिल्या वाक्यापासून 'नेएचान' म्हणाले. ताई.

मी पाठ्यपुस्तकी जपानीत म्हटलं, कृपया नेजी द्या.

ओच्चाननी चष्मा कपाळावर सरकवला. सगळं दुकान नेजींनीच भरलंय, त्यातला कुठला, असा त्यांचा चेहरा. मी तो जखमी स्क्रू पुढे केला. "आ, बिसु का," म्हणाले, आणि फुलीचा खळगा बघून हसले. "नामेतेरु ना." याला चाटलंय.

त्या दुपारी दोनच वाक्यांत माझी दहा वर्षांची विद्या ओच्चाननी कपाळावर सरकवली.

नेजी हा शब्द तसा सरळ आहे. 'नेजिरु' म्हणजे पिळणे, मुरगाळणे. त्याच मुळापासून पिळायची वस्तू ती नेजी. ओलं फडकं पिळतात तेही नेजिरु. उत्सवात खांद्यावरून पालखी नेणारे लोक कपाळाला पिळलेल्या फडक्याची पट्टी बांधतात ती नेजिरी-हाचिमाकी. आणि जूनच्या पावसात तिथल्या हिरवळींवर एक वीतभर उंचीचं रानफूल येतं, गुलाबी ठिपक्यांसारखी फुलं दांड्याभोवती जिन्यासारखी वर चढत जातात. त्याचं नाव नेजिबाना. आमच्या कचरा टाकायच्या जागेपाशी ती उगवायची. स्क्रूच्या नावाचं फूल! आपल्याकडे कुणी 'इस्क्रूफूल' म्हटलं असतं तर पोरीबाळींनी ते वेणीत माळलं नसतं.

लिहिताना मात्र गंमत आहे. आज 'काना' या उच्चारलिपीत लिहून मोकळे होतात, पण जुन्या चित्रलिपीत नेजी तीन-चार तऱ्हांनी लिहितात. त्यातल्या एकीत पहिलं चिन्ह आहे शंखशिंपल्यातल्या शंखाचं, पिळाच्या कवचाच्या प्राण्याचं. भाताच्या खाचरातल्या गोगलगाईच्या नावातही तेच चिन्ह. पुढे जोडलेलं चिन्ह एरवी 'मूल' या अर्थाचं. इथे ते नुसतं उच्चाराच्या सोयीसाठी आणून बसवलंय, पण मला एकदा तसं दिसल्यावर स्क्रू म्हणजे गोगलगाईचं पिल्लूच वाटायला लागला. हेच शंखाचं चिन्ह 'होरा' या शब्दात येतं. होरा म्हणजे धर्मशंख. बौद्ध ग्रंथांतून आपल्याकडची ही कल्पना चीनमार्गे तिथे पोचली. आणि 'होरा फुंकणे' म्हणजे जपानीत फुशारकी मारणे. आपण शंख करतो तो बोंब मारायला, आणि एखाद्याला 'अगदीच शंख आहे' म्हणतो तेव्हा त्याची अक्कल काढतो. वाजवायची वस्तू एकच. तिथे बढाईखोर झाली, इथे मठ्ठ.

मठ्ठपणाकडे येतेच आहे. पण आधी बिसु.

बिसु हा फ्रेंच शब्द आहे. फ्रेंचमध्ये स्क्रूला विस म्हणतात. जपानी जिभेला 'व' जड जातो आणि शेवटचा 'स' उघडा सोडवत नाही, म्हणून बिसु. नेजी म्हणजे आटे असलेलं काहीही, अगदी बोल्टसुद्धा. बिसु म्हणजे बारका, सुतार किंवा वायरमन पिळतो तो. माहितीपुस्तकात नेजी असतो, माणसाच्या तोंडात बिसु. दहा वर्षांत मला हे कळलं नव्हतं, कारण माझी सगळी जपानी माहितीपुस्तकांतून आली होती.

मराठीत हीच गत आहे. शब्दकोशात स्क्रूला मळसूत्र आहे. सुंदर शब्द, त्यातलं सूत्र म्हणजे दोरा, आणि लाकडात दोरा गुंडाळल्यासारखं ते दिसतंही. पण कुठल्याही दुकानात जाऊन 'पाव किलो मळसूत्रं द्या' म्हणून बघा. दुकानदार तुम्हाला औषधाच्या दुकानाचा रस्ता दाखवेल. पेच हा फारसीतून आलेला, पिळाच्याच अर्थाचा शब्द. तो आपण वस्तूवरून उचलून पतंगांना, कुस्तीला आणि मंत्रिमंडळाच्या विस्ताराला देऊन टाकला. इथे जपानी भाषा अगदी आपल्यासारखी वागली आहे. 2007 साली वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत तिथला सत्ताधारी पक्ष हरला, खालचं सभागृह एकाकडे आणि वरचं दुसऱ्याकडे अशी अवस्था झाली. त्या संसदेला तिथली वर्तमानपत्रं म्हणायची 'नेजिरे कोक्काइ'. पीळ पडलेली संसद. मी तो शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा भाषांतराला एक क्षणही लागला नाही: राजकीय पेच.

संध्याकाळी पाऊस असला की मी नेजीच्या इतिहासाच्या मागे लागायचे. कपाट लोंबतच होतं. त्याचं दार मी एका रबरबँडनं बांधून ठेवलं होतं.

जपानात नेजी आला तो बंदुकीतून. 1543 साली दक्षिणेच्या तानेगाशिमा बेटावर एक चिनी जहाज लागलं, त्यावर पोर्तुगीज होते आणि त्यांच्याकडे बंदुका. बेटाचा तरुण सरदार तोकिताका यानं दोन बंदुका विकत घेतल्या आणि याइता किन्बेए नावाच्या लोहाराला सांगितलं, अशीच करून दे. तलवारी घडवणाऱ्या देशातला लोहार तो. नळी घडवणं त्याला जड गेलं नाही. अडलं ते नळीच्या बुडाशी. तिथे एक बूच होतं, आणि ते बूच पिळून बसवलेलं होतं. बाहेरचे आटे कानशीनं घासून पाडता येतात. नळीच्या आतले कसे पाडायचे? त्या सबंध देशात तोवर कुणी असली गोष्ट पाहिलेली नव्हती.

1606 साली लिहिलेल्या एका वृत्तांतात म्हटलंय की पुढच्या वर्षी परक्यांचं जहाज पुन्हा आलं, त्यावर एक लोहार होता, त्याच्याकडून बूड बंद करायची विद्या मिळाली. लोकांना एवढ्यानं समाधान नाही. दंतकथा सांगते की किन्बेएनं त्या विद्येच्या बदल्यात आपली मुलगी वाकासा पोर्तुगिजाला दिली. मला ही गोष्ट आवडत नाही. सगळ्या देशांच्या दंतकथांना कारागिराच्या अडचणीत शेवटी त्याची मुलगीच कशी सापडते? पण ओच्चानना मी हे विचारलं तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, आतले आटे पाडून बघ एकदा, मग बोल.

पोर्तुगिजांच्या पूर्वेकडच्या राज्याची राजधानी गोव्याला होती. त्यांनी जपानला पाव दिला आणि त्याचा शब्दही दिला. तिथे पावाला आजही 'पान' म्हणतात, आपण 'पाव' म्हणतो, मूळ एकच. शर्टाच्या बटणाला जपानीत 'बोतान' म्हणतात तोही पोर्तुगीज. पण स्क्रूचं पोर्तुगीज नाव तिथे राहिलं नाही. खाल्लं ते पोर्तुगीज नावानं, घातलं ते पोर्तुगीज नावानं, आणि ज्याच्यासाठी लोहाराचा जीव मेटाकुटीला आला त्याला मात्र घरचं नाव. मला यात आश्चर्य वाटत नाही. हात ज्या गोष्टीपाशी अडतो तिला माणूस आपल्याच भाषेत शिव्या घालतो. तिथूनच नाव पडत असणार.

त्यानंतर तीनशे वर्षं नेजी बंदुकीत आणि थोडा घड्याळात राहिला. घराच्या कामाला त्याची गरजच नव्हती. सुतार खाचेत खुंटी बसवून देवळं उभी करत होते. मग 1860 साली शोगुनचं, म्हणजे तिथल्या लष्करी शासकाचं, शिष्टमंडळ अमेरिकेला गेलं. त्यात ओगुरी तादामासा नावाचा एक अधिकारी होता. वॉशिंग्टनच्या नौदलाच्या कारखान्यात त्यानं वाफेवर चालणारी यंत्रं पाहिली, एकासारखा एक लोखंडी माल बाहेर पडताना पाहिला, आणि आठवण म्हणून एक स्क्रू खिशात टाकला. लोक परदेशातून काय काय आणतात! परतल्यावर त्याच्याच खटपटीतून योकोसुकाला जहाजबांधणीचा कारखाना उभा राहायला लागला, 1865 साली त्यासाठी व्हेर्नी नावाचा फ्रेंच अभियंता आला, आणि त्याच्यामागून फ्रेंच कारागीर आले. बिसु ज्यांच्या भाषेतला ते हे लोक. ओगुरीला कारखाना पुरा झालेला पाहायला मिळाला नाही. 1868 साली राज्य पालटलं तेव्हा नव्या सरकारच्या फौजेनं त्याचा शिरच्छेद केला. गुन्मा प्रांतात तोझेन्जी म्हणून देऊळ आहे, तिथे त्याची कबर आहे, आणि तो स्क्रूही आहे.

कपाटाकडे परत येते. पुढच्या एका खेपेला ओच्चाननी मला खण उघडून दाखवायला सुरुवात केली, आणि मला वाटलं मी भांड्यांच्या दुकानात आलेय. वरून घुमटासारखं गोल डोकं असलेला तो 'नाबे', म्हणजे पातेलं. डोकं लाकडात बुडून वर सपाट दिसतो तो 'सारा', म्हणजे ताटली. बिजागरीला ताटली लागते, मुठीला पातेलं. बाबांच्या भाषेत ताटलीच्या स्क्रूला सीएसके, म्हणजे काउंटरसंक, म्हणतात, आणि क्रिकेटवाल्यांच्या कितीतरी आधीपासून म्हणतात. बिनडोक्याचा, आत दडून दांडा दाबून धरणारा एक स्क्रू असतो, तो 'इमो-नेजी'. इमोमुशी म्हणजे गुबगुबीत अळी. आपले फिटर त्याला ग्रब म्हणतात, म्हणजे इंग्रजीतली अळीच. बिजागरीलाही जपानीत काय देखणं नाव आहे: 'चोत्सुगाइ', फुलपाखरांची जोडी. उघडलेली बिजागरी टेबलावर ठेवून पाहा, पटेल.

आट्यांना ते डोंगर म्हणतात. नेजीचा डोंगर, 'नेजियामा', आणि दोन डोंगरांमधली दरी. आणि नटाला 'नात्तो'. यावरून माझी फजिती ठरलेली होती. 'नात्तो'मधला ओ आखूड काढायचा. लांबवला की ती आंबवलेल्या सोयाबीनची तार सुटणारी, वासट उसळ होते, जी ओसाकाचे लोक फारशी प्रेमानं खात नाहीत. आपल्या दिन आणि दीनमध्ये जेवढं अंतर तेवढंच. मी चार मिलिमीटरची सोयाबीनची उसळ मागितली. ओच्चाननी न हसता विचारलं, भाताबरोबर का?

मग मापं. इथे मात्र मी चकित झाले. मिलिमीटरचा जमाना येऊन पन्नास वर्षं झाली, तरी एक गिऱ्हाईक आलं आणि छतातून काहीतरी टांगायला लागणाऱ्या लांब दांड्यांबद्दल म्हणालं, 'सानबु'. तीन बु. बु म्हणजे काय? मूळचं ते जुन्या जपानी मापातलं, सुमारे तीन मिलिमीटरचं. इंग्रजी इंच आला तेव्हा त्याचा आठवा भाग जवळपास तेवढाच भरला, म्हणून कारागिरांनी तेच नाव त्याला चिकटवलं. तेव्हापासून तीन बु म्हणजे इंचाचे तीन अष्टमांश, चार बु म्हणजे अर्धा इंच. मी तिथेच उभी राहून बाबांना फोन लावला.

"बाबा, एक सूत म्हणजे किती?"

"इंचाचा आठवा. का गं? काय मोडलंस?"

"अर्धा इंच म्हणजे?"

"चार सूत. लहान मुलाला ठाऊक आहे." मग जरा थांबून, "दार लागलं का तुझं?"

नळकाम करणाऱ्याला पुण्यात 'चार सुताचा पाइप' म्हणा, ओसाकात 'चार बु'चा. दोघंही अर्ध्या इंचाचाच काढून देतील. कुठल्याही सरकारनं हे ठरवलेलं नाही. दोन देशांतल्या कारागिरांना परक्यांचा इंच हातात घेऊन त्याचे आठ तुकडे करावेसे वाटले, आणि प्रत्येकानं तुकड्याला घरचं नाव दिलं.

फोन चालू होता म्हणून मी तो ओच्चानच्या तोंडासमोर धरला आणि त्या दोघांची, एका अक्षराचीही ओळख नसलेल्या भाषांत, माझ्या मध्यस्थीनं चर्चा सुरू झाली. पहिला प्रश्न बाबांचा: माझा डिसमिस घसरला कसा? तो चांगल्या पोलादाचा आहे. ओच्चाननी खणातून चार मिलिमीटरचा एक पातेलं-डोक्याचा स्क्रू काढला आणि नखानं त्याच्या डोक्यावरचा, फुलीच्या शेजारचा बारीक ठिपका दाखवला. असा ठिपका असला की फुली बहुधा जपानी मानकाची असते. फुलीचा स्क्रू मूळचा अमेरिकेतला. पोर्टलंडच्या हेन्री फिलिप्सनं 1936 साली त्याची पेटंटं घेतली. जपानात त्याचा प्रसार होंडा कंपनीच्या सोइचिरो होंडांनी युरोपच्या दौऱ्यातून आणलेल्या एका स्क्रूमुळे झाला असं सांगतात. चपट्या खाचेच्या स्क्रूला हातानं पिळावं लागायचं, फुलीला यंत्र लावता येतं. पण जपानी मानकानं फुलीच्या आतला कोपरा जरा निराळा कापला. डोळ्यांना दोन्ही फुल्या सारख्या. फिलिप्सचं टोक जपानी फुलीत पुरतं तळाला टेकत नाही, आणि जोर लावला की वर चढतं.

"म्हणजे हत्यार चांगलं होतं," बाबा म्हणाले. एवढंच त्यांना ऐकायचं होतं.

'नामेरु' म्हणजे चाटणे. डिसमिस फुलीत न बसता वरून नुसता फिरला की तो स्क्रू 'चाटतो'. जीभ फिरवावी तसा. आणि याच शब्दाचा दुसरा अर्थ आहे समोरच्याला कमी लेखणे. भांडणात 'मला चाटू नकोस' म्हणजे मला कच्चं समजू नकोस. ओट्याखाली मी त्या स्क्रूला दोन्ही अर्थांनी चाटलं होतं.

दुसरा प्रश्न भोकाचा. स्क्रू नुसता गोल का फिरतो? ओच्चान म्हणाले, "आहो नि नात्तेरु." येडा झालाय.

हा प्रयोग जपानभर आहे. आटे झिजले, पकड गेली, स्क्रू फुकट फिरायला लागला की तो 'बाका' झाला म्हणतात, म्हणजे मूर्ख. मुद्दाम सैल पाडलेल्या, स्क्रूला न धरणाऱ्या भोकालाही 'बाका-आना' म्हणतात, मूर्ख भोक. आणि हा शब्द गंभीर अभियंते गंभीर बैठकांत वापरतात. पण ओसाकात बाका ही शिवी लागते. तिथे जिव्हाळ्यानं म्हणायचं तर 'आहो'. बायको नवऱ्याला म्हणते ते आहो. त्यात राग कमी, माया जास्त. मराठी बायकोचं 'अहो' मला तेव्हा आठवल्याशिवाय राहिलं नाही, पण ते मी ओच्चानना समजावून सांगायच्या भानगडीत पडले नाही.

मी बाबांना सांगितलं, ते म्हणतायत स्क्रू येडा झालाय.

"स्क्रू कशाला येडा होईल? भोक येडं झालंय. आटे गेलेत लाकडातले. विचार त्यांना, काडी घालू का म्हणून."

इकडे ओच्चान कपाटाचं दार हातानं हवेत उघडून-मिटून मला सांगत होते की भोकात दोन त्सुमायोजी घाल, थोडा गोंद लाव, बाहेर आलेला भाग मोड आणि मग नवा बिसु पिळ. त्सुमायोजी म्हणजे दात कोरायच्या काड्या. ओसाकाच्या दक्षिणेला कावाचिनागानो म्हणून गाव आहे, ते या काड्यांसाठीच प्रसिद्ध आहे. बाबांची काडी आगपेटीची, गुलाचं टोक मोडून. मी दोघांना एकमेकांचा उपाय सांगितला. दोघांनीही मान हलवली, आणि दोघांच्याही मान हलवण्यात समोरच्याची काडी जरा कमअस्सल आहे असा भाव होता.

त्या रात्री मी दोन त्सुमायोजी, थोडा गोंद आणि ताटलीचा नवा बिसु घेऊन पुन्हा ओट्याखाली शिरले, या वेळी ओच्चाननी उसना दिलेला ठिपक्याच्या जातीचा ड्रायव्हर घेऊन. पहिले दोन फेरे सैल गेले. तिसऱ्याला लाकडानं धरलं. ते धरणं मनगटात कळतं. काड्या आत दबत असल्याची करकर ऐकू येते, आणि शेवटच्या पाव फेऱ्याला हात आपोआप थांबतो. त्याच्या पुढे पिळलं की पुन्हा येडा.

कामावर पुढच्याच आठवड्यात एक दुरुस्तीचा अहवाल आला. कुणा तंत्रज्ञानं घाईत लिहिलं होतं: झाकणाचे दोन नेजी बाका झालेत, एक चाटलाय. आधीच्या भाषांतरकारानं अशाच एका वाक्याचं 'स्क्रू सदोष आहेत' करून ठेवलेलं फायलीत सापडलं. चूक नाही. पण ते वाचून पुण्याच्या माणसानं कुठला सुटा भाग मागवायचा? बाका झालेल्याला आतले आटे नव्यानं पाडावे लागतात. चाटलेल्याचं फक्त डोकं गेलेलं असतं, तो काढून दुसरा घातला की झालं. मी लिहिलं: दोन स्क्रूंचे आटे गेलेत, एकाची फुली गेली आहे. तपासणाऱ्यानं 'आटे' खाली लाल रेघ मारली आणि 'मळसूत्ररेषा?' असं विचारलं. मी ते तसंच ठेवलं. या एका बाबतीत मी भांडले, आणि मला त्याचा अभिमान आहे.

निघायच्या आदल्या दिवशी ड्रायव्हर परत द्यायला गेले तेव्हा ओच्चाननी तो परत घेतला, पण पातेलं-डोक्याचा तो ठिपक्याचा स्क्रू कागदाच्या पुडीत बांधून दिला. बाबांसाठी. मला ओगुरी आठवला, सांगितलं नाही.

पुण्यात बाबांनी चष्मा लावून तो खिडकीशी धरला, ठिपका पाहिला, नखानं फुली चाचपली. मग पत्र्याच्या पेटीतून चार मिलिमीटरचा एक नट शोधून काढला आणि बोटांनीच पिळायला लागले. तो शेवटपर्यंत सरळ गेला, कुठे अडखळला नाही.

"आटे आपलेच आहेत," म्हणाले. "डोकं तेवढं वेगळं. काय म्हणतात म्हणालीस याला?"

"नाबे."

"म्हणजे?"

"पातेलं."

"कुठलं पातेलं हवंय?" आईनं स्वयंपाकघरातून विचारलं. "मोठं घासायला टाकलंय."